हातभर फिल्म

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, बरोबरच्या शिक्षकांना नाही, ज्या गावात ती घडली त्या गावाला तर नाहीच. माझ्या पत्र्याच्या पेटीत, सर्टिफिकिटांच्या खाली, बिस्किटांचा एक जुना डबा आहे. त्यात सोळा एमएम फिल्मचा हातभर तुकडा आहे. सरकारी रिळातून तो मी कापला, आणि रीळ परत करताना तोंडातून शब्द काढला नाही. कुणी म्हणेल, एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलात? तुकड्याचं काही नाही हो. तो कापला आणि त्याच्या जागी मी तोंडाने जे भरलं, ते मला सुटत नाही.

चैत्र लागला की हे सगळं आपोआप वर येतं. शाळेच्या आवारातला कडुनिंब मोहरतो, वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागतं, अकरा वाजताच रस्त्यावरचं माणूस सावलीला जातं. मैदानावर एखादी वावटळ उठते, वाळली पानं आणि कागदाचे कपटे घेऊन गरागरा फिरत कुंपणापर्यंत जाते आणि तिथेच बसते. बाकीचे म्हणतात, मोहराचा वास काय सुटलाय! माझ्या नाकात मात्र दुसराच वास भरतो, नासक्या केळ्यासारखा, उग्र. फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा. वय पंचावन्न झालं, तरी येतो.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. नेवासा तालुक्यात, प्रवरेकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. अजून कायम झालेलो नव्हतो. पाऊस लागोपाठ बुडालेला. प्रवरेच्या पात्रात पोरं हुतूतू खेळत, आणि बाजूलाच वाळूत उकरलेल्या झिऱ्याशी बसून बाया वाटीवाटीने घागर भरत. घागर भरायला किती वेळ लागतो हे मला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. शाळेची घंटा व्हायची, मधली सुट्टी व्हायची, तरी तीच बाई तिथेच बसलेली दिसायची.

त्याच वर्षी आमच्या शाळेकडे पाळीने प्रोजेक्टर आला. नगरला आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आलेला शाळेत मी एकटाच, म्हणून पेटीची किल्ली माझ्याकडे. सोबत दहा-दहा मिनिटांची रिळं होती. किल्ले, लेणी, जुनी नाणी, मागावर फिरणारे विणकरांचे हात, मातीतून निघालेली भांडी. मुलांना इतिहास आणि आपली संस्कृती डोळ्यांनी दिसावी म्हणून काढलेल्या फिल्म. बोलणं मात्र सगळं इंग्रजी. मग मी आवाजाचं बटण खाली आणायचो आणि माईकवर आपलं मराठीत सांगायचो. खिडक्यांना घोंगड्या, दाराला सतरंजी, खाली दाटीवाटीने सत्तर मुलं. घोंगड्यांना मेंढरांचा वास, तापल्या बल्बवर धूळ जळायचा वास, आणि अंधारात माझा आवाज. आवाज चांगला होता माझा. फुशारकी म्हणून सांगत नाही. सगळं बिघडलं ते त्या आवाजापाशीच.

पडद्यावर नुसता एक दगडी दरवाजा दिसायचा आणि मी म्हणायचो, ‘ऐका, घोड्यांच्या टापा येताहेत.’ फिल्ममध्ये घोडा नसायचाच. पण अगदी मागचं, पेंगणारं पोरगंही मान वर करायचं. धडा दोनदा वाचून विसरणारी मुलं महिन्याने तो दरवाजा टापांसकट सांगायची. मला वाटे, शिकवणं म्हणतात ते हेच. थोडं तिखटमीठ लावलं तर बिघडलं कुठे? गावात लोक मला ‘पिच्चरवाले मास्तर’ म्हणू लागले. पारावरून जाताना माणसं सरकून जागा द्यायची. भाड्याच्या एका खोलीत, शेगडीवर स्वतःची भाकरी थापणाऱ्या माणसाला ते किती गोड लागत असेल, विचार करा.

गावच्या वरच्या अंगाला तेव्हा दुष्काळी काम चालू होतं, पाझर तलावाचं. तीन-चारशे माणसं. ज्यांच्या दारात चार बैल होते त्या घरच्या सुना डोक्यावर पाटी घेऊन रांगेत, बौद्धवाड्यातल्या बायाही त्याच रांगेत. पाण्याच्या पिंपाशी तेवढ्या रांगा पुन्हा दोन व्हायच्या. हेडमास्तर म्हणाले, ‘दिवसभर माती वाहतात बिचारी. त्यांनाही दाखवा की काहीतरी. तेवढंच ज्ञान, तेवढीच करमणूक.’

दिवेलागणीला दोन बांबूंमध्ये पांढरं धोतर ताणलं. शेजारची विहीर आटलेली, तिच्यावरची मोटार बंद पडून होती. तिचीच वायर ओढून प्रोजेक्टरला वीज दिली. सगळ्यात पुढे गोणपाटावर सोपान मुकादम. कामावरची हजेरी घेणारा माणूस, त्यामुळे त्याच्या विनोदाला हसणं सगळ्यांना भाग असे.

‘मास्तर, नाचगानं हाय का न्हाई ह्याच्यात?’

‘नाही हो. इतिहास आहे.’

‘मंग मी घोरलो तर उटवू नका.’

हशा झाला. मी रीळ चढवलं. पडद्यावर एक नदी आली, आमच्या प्रवरेसारखीच, तसाच पांढुरका काठ. माणसं उकिडवी बसून ब्रशने माती झाडत होती. लोक हसले, माती झाडायला ब्रश! मग मातीतून दोन मडकी दिसू लागली, आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावलेली. लोक गप्प झाले. एक हात पुढे झाला, मडक्याला टेकला, आणि फिल्म तुटली. धोतर नुसतं पांढरंफेक.

तुटलेली फिल्म जोडायला चार-पाच मिनिटं लागतात. कड खरवडायची, सिमेंटचं बोट फिरवायचं, दाबून धरायचं, सुकू द्यायचं. तेवढा वेळ माणसं धरून ठेवणं हे ऑपरेटरचं खरं काम, आणि ते नगरला कुणी शिकवलं नव्हतं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागची काही माणसं उठून अंगावरचं धोतर झटकू लागली. कुणीतरी ओरडलं, ‘आरं, पन मडक्यात हाय काय?’

‘हंडाच आसंल. दुसरं काय!’ सोपान मुकादम म्हणाला.

मला फिल्म पाठ होती. मडक्यात लहान मुलाची हाडं होती. हजारो वर्षांपूर्वी या नद्यांच्या काठी राहणारी माणसं गेलेलं मूल अशी दोन मडकी जोडून पुरत. हे सांगितलं असतं तर बाया हळहळल्या असत्या, माणसं मुकाट उठून गेली असती. निदान मला तसं वाटलं. एका हाताने जोड दाबून धरलेला, दुसऱ्या हातात माईक. मी म्हणालो, ‘मोहरा! राजाच्या खजिन्यातल्या मोहरा. ह्या नदीकाठी अशी अजून किती मडकी निजली असतील, कोण जाणे!’

उठलेली माणसं खाली बसली.

जोडाच्या पुढची भोकं फाटली होती, प्रोजेक्टरचे दात ती धरीनात. हातभर फिल्म कापावी लागली. मडकं उघडतं आणि आतलं दिसतं, नेमकी तेवढी. कापणं भाग होतं, हे खरं. कात्री लावताना मला बरं वाटलं, हेही खरं. तुकडा खिशात टाकला. फिल्म पुन्हा सुरू झाली तेव्हा हात मडक्याशी होता तो एकदम नाहीसा झाला आणि कुणाची तरी पाठ दिसली. मडकं काही उघडलं नाही. लोकांना त्याची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोपान मुकादम भेटला. ‘मास्तर, तुमच्या पिच्चरनं वाट लावली बगा कामाची. माणसं कुदळ हाळू हाणायला लागली. हंडा फुटंल म्हून!’ तो हसला, मीही हसलो. हसलो होतो, हे विसरता येत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कौसाबाई आली.

शाळा सकाळचीच सुटलेली, शाळेतल्या खोलीत मी एकटाच प्रोजेक्टरला तेल घालत होतो. कौसाबाई बौद्धवाड्यातली, तिशीची. नवरा तिकडे राहात्याच्या बाजूला पेरूच्या बागेत राखणीला. त्या दिवशी पिच्चरला ती बायांच्या पुढच्या रांगेत होती आणि मुकादमाच्या विनोदाला हसली नव्हती, म्हणून माझ्या ध्यानात राहिलेली. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं.

‘मास्तर, दार लोटून घ्या.’

पाटी तिने अशी टेकवली की जरासुद्धा आवाज झाला नाही. फडकं बाजूला केलं. दोन मडकी, तोंडाला तोंड लावलेली, ओली माती अजून अंगावर.

‘तलावावर भाकरीच्या सुट्टीत एकलीच माती भरत हुते, तवा गावलं. तुमी दावलं ते हेच न्हवं?’

आता लपवायचं काय? क्षणभर मलाच वाटलं, आत सोनं असेल. माझीच थाप मलाच खरी वाटली. मी वरचं मडकं हलवून बाजूला घेतलं. आत माती, आणि मातीत काटक्यांसारखी बारीक हाडं. एवढीशी.

ती खाली बसली.

‘लेकरू हाय, मास्तर.’

‘होय.’

‘मंग तुमी मोहरा कशापायी म्हनला?’

मी तेलाच्या बाटलीला बूच लावू लागलो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत विचारलं नाही.

‘माजं गेल्या साली गेलं,’ ती म्हणाली. ‘नऊ म्हैन्याचं हुतं. फडक्यात गुंडाळलं आन् वड्याच्या काठाला ठिवलं. ह्या बाईनं बगा, दोन मडकी लावली. वारा लागू नये म्हून.’

इतिहासाची पदवी घेतलेला माणूस मी. ती मडकी अशी का जोडतात याची चार कारणं पुस्तकात वाचली होती. हे कारण त्यात नव्हतं.

मी म्हणालो, ‘सरकारला कळवावं लागेल, बाई. नियम आहे.’

‘कळवलं तर काय करत्याल?’

‘नेतील. काचेच्या कपाटात ठेवतील.’

‘मंग नगं. मी ठिवते परत, कुदळ न्हाई यायची आशा जागी. तुमी कुनाला सांगू नका. लोकं उकरत्याल.’

मी शब्द दिला. तिने मडकं पुन्हा मडक्याला लावलं, फडकं झाकलं आणि रणरणत्या उन्हात पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याच्या अंगाने गेली. वावटळी उठत होत्या. त्यातल्या एकीत ती दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली.

झाकलेली पाटी कुणीतरी पाहिली होती. दोन दिवस गाव कुजबुजत होतं. पिंपाशी, पारावर, गिरणीत. मी गेलो की बोलणं थांबायचं नाही, उलट वाढायचं. लोक मला आदराने विचारायचे, ‘मास्तर, मोहर वजनाला किती भरत आसंल हो?’ तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. मी बौद्धवाड्यात पोचलो तेव्हा कौसाबाईच्या दारात पंधरा-वीस माणसं उभी होती. दोघांच्या हातात कुदळ.

‘या मास्तर,’ सोपान मुकादम म्हणाला, ‘तुमी ह्यातलं जानकार. म्हनलं, तुमच्या म्होरंच हू द्या.’ मग तिच्याकडे वळला. ‘ए कौसे, काड की गुमान. सरकारी धन हाय. एकटीला पचायचं न्हाई.’

‘लेकराची हाडं हुती. ठिवली परत.’

‘कुटं? दाव.’

‘न्हाई दावायची. त्या लेकराला दोनदा उकरू द्यायची न्हाई मी.’

‘आयकलं का? हाडं म्हनं! आन् पिच्चरमदी समद्या गावानं मोहरा बगितल्या त्या?’

‘पिवळ्याजर्द,’ एक म्हातारा म्हणाला, ‘ढीग.’

कुणीही काही पाहिलं नव्हतं. तीन-चारशे माणसांनी माझ्या तोंडून एक शब्द ऐकला होता, आणि आठवड्याभरात तो त्यांच्या डोळ्यांना दिसू लागला होता. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला ढीग दिसत होता.

कौसाबाई माझ्याकडे वळली. ‘मास्तर, तुमी बगितलंय. सांगा त्यास्नी.’

सगळ्या माना फिरल्या. मला काय म्हणायचं होतं? ‘सोनं नव्हतं, हाडं होती. फिल्ममध्येही हाडंच होती, मोहरांचं मी आपलं जोडून दिलं.’ बस. कुठे पुरलं ते सांगायचं नाही असा शब्द मी दिला होता. आत काय होतं ते सांगायला मला कुणाची बंदी होती? उलट तीच मागत होती. पुढे कितीतरी वर्षं मी त्या दिलेल्या शब्दाआड लपून राहिलो, म्हणून हे इथे स्पष्ट लिहितो.

मी म्हणालो, ‘मला काही माहीत नाही. मी शाळेचा माणूस.’

कुदळी आत गेल्या.

घरातली सारवलेली जमीन त्यांनी कोपऱ्याकोपऱ्याने उकरली. मांडणीतली भांडी बाहेर अंगणात आली. चूल फोडून खाली पाहिलं. काही निघालं नाही, आणि त्यावरून ठरलं की हंडा दुसरीकडे लपवला आहे. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रडली नाही. एकदाच म्हणाली, ‘चूल तेवडी लावा परत.’ कुणी लावली नाही. मीही वाकलो नाही.

त्यानंतर कामावर तिच्या शेजारी कुणी उभं राहीना. सोपान मुकादम रोज हजेरी घेताना तिचं नाव आलं की म्हणायचा, ‘शेटानीबाई, आज पन माती वाहनार का?’ वैशाख संपायच्या आत घर बंद झालं. सामान दोन गाठोड्यांत मावलं. जाताना ती शाळेवरून गेली. मी वर्गात उत्तरपत्रिका तपासत होतो, खिडकीला घोंगडी नव्हती, चुकवायला जागा नव्हती. गजांपाशी येऊन ती म्हणाली, ‘मास्तर, परत पिच्चर दावाल तवा मडकं उगडून दावा.’ आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

जूनमध्ये मी कायम झालो. म्हणजे नोकरीची भीती होती, असं म्हणता येईल. सरकारी फिल्ममध्ये मनाचं घुसडलं म्हणून वर तक्रार गेली असती. पण ते कारण मी मागाहून शोधलं. त्या दारात उभा असताना माझ्या मनात नोकरी नव्हती. माणसं आदराने माझ्याकडे पाहत होती आणि ते पाहणं मला सोडवत नव्हतं. इतकं लहान कारण. त्यासाठी एका बाईचं घर उकरलं गेलं.

पुढे मी सोनईकडच्या शाळेत गेलो. प्रोजेक्टर आला की हात लावत नसे. डोळे दुखतात म्हणून सांगत असे. राहात्यावरून एसटीने कितीदा गेलो. एका वर्षी बाजारच्या दिवशी गाडी स्टँडवर थांबली आणि खिडकीतून ती दिसली. पेरूची पाटी पुढे, डोक्याला पदर, केस पांढरे झालेले. एका गिऱ्हाइकाला पेरू कापून आतला गर दाखवत होती: बघून घ्या, मग न्या. गाडी दहा मिनिटं थांबली होती. मी उतरलो नाही. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मला हायसं वाटलं.

आणि आता हा चैत्र. आमच्या शाळेत संतोष नावाचे तरुण शिक्षक आहेत. भला माणूस, उत्साही. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा आणून ते आसपासच्या गावांच्या इतिहासाच्या छोट्या छोट्या फिल्म काढताहेत. मुलांना टीव्हीवर दाखवायच्या. दहा-दहा मिनिटांच्याच. ‘सर, आवाज तुमचाच हवा. तुमच्यासारखं सांगणारं तालुक्यात कोण आहे?’ म्हणून परवा त्यांनी लिहून आणलेले कागद माझ्या हातात दिले. प्रवरेकाठच्या त्या गावाचं पान मी उघडलं. मंदिर, वेस, बारव, मग तलाव. आणि तलावाखाली, सुबक अक्षरात: ‘दुष्काळात हा तलाव खोदताना एका महिलेला मोहरांनी भरलेला हंडा सापडला.’

‘हे कुणी सांगितलं?’

‘सगळं गाव सांगतं, सर. त्या बाईनं म्हणे राहात्याला माडी बांधली त्याच्यावर. ठेवू ना? मुलांना आवडेल. असं काहीतरी असलं की लक्षात राहतं त्यांच्या.’

माझंच जुनं बोलणं माझ्यापुढे उभं होतं, आणि मला तेच पुन्हा माईकवर म्हणायला सांगत होतं. मी पेन काढलं आणि त्या ओळीवर काट मारली. संतोष सर गोंधळले. ‘मग तिथे काय म्हणायचं, सर? तलावाचं चित्र बराच वेळ आहे.’ मी म्हणालो, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. रेकॉर्डिंग रविवारी आहे.

काल डबा उघडला. फिल्मचा तुकडा आक्रसून वाकडा झालाय, वास मात्र तसाच. खिडकीशी उजेडात धरला. नखाएवढ्या चौकटी, एकाखाली एक. पहिल्या काहींत हात मडक्यावर. मग मडकं हलतं. शेवटच्या चौकटींत आतली माती आणि त्यात त्या काटक्या. बाहेर मैदानावर परीक्षा सुटलेली मुलं ओरडत होती.

कौसाबाईला मी एक वाक्य देणं लागतो. त्या मडक्यात लेकराची हाडं होती, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि मोहरा मी माझ्या तोंडाने घातल्या. हे त्या गावात, माईकवर, तिच्यादेखत म्हणायचं आहे. इथे लिहिलं म्हणून ते म्हणून झालं असं होत नाही.